नमुना क्रमांक सतरा

वडकबाळच्या पुलाखाली उतरून डाव्या हाताला,
वांग्याच्या वाफ्यांपलीकडं,
चंद्राम वग्गेची मळी. तीस गुंठे.
खड्डा त्यानं आधीच खणून ठेवलाय,
छातीएवढा, एका बाजूनं सरळ तासलेला,
कपाट दाखवायला उघडून ठेवावं तसा.

मी चिठ्ठीवर आकडा घालते. सतरा.
या महिन्यात प्रयोगशाळेत आलेल्या सोळा पिशव्यांत
काळी, मुरमाड, चोपण,
आणि एकीत कुणीतरी चक्क कुंडीतली माती.
पोयटा एकही नाही.

चिमूटभर पाणी घालून मळते,
तर्जनीवरून अंगठ्यानं पट्टी काढते.
काळीची पट्टी लांबतच जाते, भांडणासारखी.
वाळूची होतच नाही.
हिची एका पेराएवढी झाली
आणि तुटली, न रुसता.
बोटांना थोडी पिठूळ, थोडी खरखरीत.
हात झटकला, की मोकळा.

माझं माहेर अक्कलकोटकडं, भारी काळीत.
उन्हाळ्यात ती इतकी फाटते
की भावाच्या सायकलची किल्ली भेगेत गेली
ती गेलीच.
पावसात चप्पल मागून घेते, परत देत नाही.
तूर पिवळी पडेस्तोवर पाणी धरून बसते.
आमच्या घरची माणसंही तिच्यासारखीच,
आत्याच्या लग्नातला मानपान
अजून ओला आहे.

चंद्राम खड्ड्याच्या भिंतीवरून बोट फिरवतो.
"ह्यो एका पुराचा थर. ह्यो दुसऱ्या.
हितं वाळू हाय बघा, त्या साली नदी रागात हुती.
हितं निस्ता गाळ. आली, बसली, गेली."
एक शिंपला. गांडुळाचं भोक, पेन्सिलीएवढं.
चार फुटांवर निळ्या बांगडीचा तुकडा.
कुणाची?
"वरल्या गावची आसंल.
हितलं काय हाय हितं?
करमाळ्याचं, माढ्याचं, मोहोळचं,
कुणाकुणाच्या बांधाचं वाहून आलंय.
सातबारा तेवढा माझा."

बादलीभर पाणी ओततो. मी घड्याळ लावते.
कडेनं फेस, मधे एक मुंगळा,
चंद्राम त्याला काडी देतो.
आम्ही बोलत नाही.
चाळीस मिनिटांनी तळ नुसता दमट,
मुंगळा चालत निघालेला.
निचऱ्यापुढं मी 'उत्तम' लिहिते.
"पूर वसरला की चार दिसांत वाफसा येतोय," तो म्हणतो,
तोंडभर, पोराचे मार्क सांगावेत तसं.

बांधापलीकडं त्याच्या थोरल्या भावाची जमीन होती.
आता तिथं दोन पुरुष खोल खळगा,
हिरवट पाणी, वेडी बाभूळ, एक टिटवी.
वीटभट्टीवाल्यांनी ब्रासवर मोजून नेली.
"चांगली हाय म्हणून गेली.
चोपणीला कोण इचारतंय?"
आणि मग, मला नाही, पिशवीकडं बघत,
"तुमच्या कागदावर उत्तम लिवलं
तर त्येंच्या हाती नका पडू देऊ."

पेन थोडा वेळ तसंच राहतं.
शेऱ्याची जागा दोन ओळींची आहे.
मी लिहिते, वांगी चांगली येतात.

सावलीत वाळवायची, कुटून चाळायची,
ढिगाचे चार भाग करायचे,
समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे,
उरेल ते पुन्हा चार, पुन्हा दोन,
अर्धा किलो होईपर्यंत.
हे उद्या.

जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री हात धुतले.
काळीनं दोन दिवस नखं सोडली नसती.
ही पहिल्याच तांब्यात गेली.
मी उगीच नखाखाली शोधत बसले.

मोरीच्या कोपऱ्यात प्लास्टर निघालंय कधीचं,
आतली वीट दिसते.
तिच्यावर ओला अंगठा टेकवला.
डाग उमटला, कडेनं आत आत सरकला,
नाहीसा झाला.

पुन्हा भिजवला अंगठा.
घड्याळ लावलं नाही.